एका किलोला एक टाका

वही माझ्याच अक्षरातली होती, हे आधी सांगून टाकते.

निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी लागली की सासूबाई ती वही काढतात आणि लिहायचं काम माझ्याकडे येतं, कारण घरात 'शिकलेली' मी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, राळेगावकडचं. नऊ एकर कोरडवाहू, सगळी पऱ्हाटी. संध्याकाळी शेतातल्या कडुलिंबाच्या फांदीला काटा टांगायचा, एकेका बाईनं आपलं गाठोडं आणून अडकवायचं, सासूबाईंनी आकडा वाचायचा, मी लिहायचा. 31. 28. 34. कापूस कोणाचा हे कळावं म्हणून आकड्याआधी खूण: 'गोट्याची आई', 'टाकीजवळची', 'मोठी मावशी', 'नवीन सून', 'चष्मेवाली'. अकरा बाया, अकरा खुणा. नाव एकीचंही नाही.

आणि त्याच हिवाळ्यात, 2023च्या, रात्री भांडी आटोपली की मी 'स्त्री' या विषयावर चित्रं काढत बसायची. वही लिहिणारा हात आणि ब्रश धरणारा हात एकच, हे माझ्या ध्यानात यायला चार महिने लागले.

नागपुरात चित्रकला शिकले तेव्हा कलेच्या इतिहासात आमच्या वाट्याला बाई एकच आली, अमृता शेरगिल. परीक्षेला हमखास येणारी टीप. बाकी सगळे पुरुष. लग्नानंतर गावात आले, शाळेतल्या पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची शिकवणी सुरू केली आणि उरलेल्या बायका मला फोनवर भेटल्या. आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर असते. कलेतल्या स्त्रियांचा इतिहास मी पाण्याच्या टाकीला टेकून, अंगावर शाल घेऊन वाचलाय.

चित्रं काढली ती मात्र ठरलेलीच. तडकलेली जमीन, डोक्यावर भारा, खाली झुकलेले डोळे. पाच कॅनव्हास झाले. पाचवं सुकायला ठेवलं होतं तेव्हा सासूबाई समोर थांबल्या आणि म्हणाल्या, "या बाईले काय झालं वं? बिमार हाय का?"

मला राग आला होता. पण त्यांचं खरं होतं. वेचणीवाल्या बाया शेतात अशा दिसतच नाहीत. त्या भरभर चालतात, दोन्ही हातांनी बोंडं रिकामी करतात, मधेच एखादीच्या नवऱ्यावरून खिदळतात, पाठ धरली की शिव्या देतात. मी त्यांचं काम सोडून त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या मनातलं दुःख रंगवत बसले होते.

मग गच्चीवर बसून मी वेगळं शोधायला लागले: दुःखी बाई न काढता बाईबद्दल कोणी काय केलंय? नीलिमा शेख यांची 1984ची 'चंपा'ची मालिका सापडली. बारा छोटी चित्रं. झोक्यावरची पोरगी, तिचं लग्न, सासर आणि शेवटी हुंड्यासाठी तिला जाळणं. गोष्ट भयंकर, चित्रं पोथीच्या पानासारखी नाजूक. शीला गौडा यांनी तर बाई काढलीच नाही. सुयांमधून लांबच लांब दोरे ओढले, ते एकत्र करून त्यांना कुंकू आणि डिंक लावला आणि त्या लाल दोरांचे वेढे भिंतीवरून जमिनीवर सोडले. टोकाला सुयांचा झुबका तसाच लोंबतोय. कामाचं नाव 'आणि त्याला माझं दुःख सांग'. ते फोनच्या वीतभर पडद्यावर पाहूनही माझी बोटं हुळहुळली. दोरा ओवणाऱ्या बाईला ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक अमेरिकेतली, मिअरले लॅडरमन युकेलीस. मूल झाल्यावर दिवसभर धुणं-पुसणं-भरवणं यातच जायला लागला, तेव्हा 1969 साली तिनं जाहीरनामाच लिहिला की हे राखणीचं कामही माझी कलाच. 1973 साली हार्टफर्डच्या एका संग्रहालयात गुडघ्यांवर बसून तिनं पायऱ्या आणि फरशा घासल्या. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या अंगणात सडा टाकत होत्या. "आपुन त रोजच करतो," म्हणाल्या, "आपला फोटो कोन काढते?"

होळीच्या सुमाराला कापूस विकला गेला. वही मिटायच्या आधी बेरीज करायची असते. 178 गाठोडी, 53 क्विंटल 40 किलो. हिशेब जुळला की नाही ते तपासताना पहिल्यांदाच मी त्या खुणा नुसत्या वाचत गेले, आकड्यांशिवाय. गोट्याची आई, टाकीजवळची, मोठी मावशी. अक्षर माझं. वळणदार.

काम तिथं सुरू झालं.

ठरवलं ते असं: गाठोडं बांधायची जुनी फडकी गोळा करायची आणि त्यांवर वही शिवायची. एका किलोला एक टाका, लाल दोऱ्यानं, साधा धावदोरा. ज्या बाईचं फडकं त्यावर तिच्याच किलोंचे टाके. म्हणजे 5,340 टाके. ही फडकी म्हणजे जुन्या लुगड्यांचे चौकोनी तुकडे. त्यांवर पाल्याचे हिरवट डाग, देठांनी ओढलेले धागे, चहा सांडल्याच्या खुणा. मला ती तशीच हवी होती. पण बाया अशा कशा देतील! एकीनं धुऊन, निळ घालून, घडी करून आणलं. मी म्हटलं, मावशी, मळकंच पाहिजे होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप ते घेतलं. तेच एक फडकं त्या सगळ्यात पांढरंशुभ्र आहे, आणि आता मला वाटतं बरं झालं. आपलं काय आणि कसं दाखवायचं, हे तिनं ठरवलं होतं.

बदल्यात प्रत्येकीला नवं कापड दिलं, टेरीकॉटचं. ते का चुकलं ते पुढं येईल.

शिवायला बसायचं तेव्हा खरी वाटाघाट झाली. चैत्राचं ऊन, शेतात काम नाही, दुपारी आमच्या ओसरीत बसायचं असं मी ठरवलं होतं. स्वप्न असं की सगळ्या मिळून शिवतोय, गप्पा चालल्यात, मी मधे. मोठी मावशी म्हणाली, "आमचा रोज कोन देईन?" मी म्हटलं, हे आपल्या सगळ्यांचं काम आहे. "नाव कोनाचं येईन?" मला उत्तर देता आलं नाही. "मंग रोज दे."

अर्ध्या दिवसाचे 150 रुपये ठरले. सहा जणी आल्या, पाच दुपारी. साडेचार हजार रुपये माझ्या शिकवणीच्या पैशातून गेले, आणि ते देताना हात थोडा आखडला हेही लिहायला हवं. बाईच्या न दिसणाऱ्या श्रमावर काम करायचं आणि ते श्रम फुकट मागायचे, असं मी करायला निघाले होते.

नावाचा प्रश्न मी नवजोत अल्ताफ यांच्या कामाकडं पाहून सोडवायचा प्रयत्न केला. त्या 1997 पासून बस्तरमध्ये कोंडागावला तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करतात. हातपंपाभोवतीच्या जागा त्यांनी अशा बांधल्या की बाईला पाण्याचं भांडं डोक्यावर घेणं सोपं जावं. 'नलपार' म्हणतात त्याला. त्या कामांसोबत शांतीबाई, राजकुमार, घेसूराम ही नावंही येतात. म्हटलं, आपणही अकराच्या अकरा नावं शिवू. वहीतल्या खुणा जातील.

पण कोणतं नाव?

हे मी धरलंच नव्हतं. आपल्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बाईचं नवं नाव लिहितात आणि जुनं तिथंच संपतं. गोट्याच्या आईला विचारलं तर ती हसून म्हणाली, "माहेरचं टाक." ते नाव तिच्या शेजारणीलाही ठाऊक नव्हतं. वीस वर्षं एका ओळीत पऱ्हाटी वेचतायत दोघी. टाकीजवळचीला नवऱ्यानं टाकलंय. ती म्हणाली, नाव घाल, पुढं काही घालू नको, ना बापाचं ना त्याचं. कोणीतरी म्हणालं, आता सरकारच आईचं नाव लावा म्हणते. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या लेकरांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, हा निर्णय तेव्हा ताजा होता. त्यावरून बराच वेळ गंमत चालली, की आईचंही नाव सासरचंच असलं तर पोरानं कोणतं लावायचं.

मोठी मावशी मात्र अडून बसली. "माह्यं नाव नोको टाकू. निराधारचे पैसे बंद होतीन." तिला वाटलं, 412 किलो कापूस वेचला हे नावानिशी कापडावर आलं तर तहसीलवाले म्हणतील ही तर कमावते. मी किती सांगितलं की हे चित्र आहे, कागदपत्र नाही. ती म्हणाली, "लेहलं का लेहलंच असते." तिच्या पोटरीसारख्या घट्ट हातावर गोंदण आहे, ठिपके आणि मधे चौकट. शेवटी तिनं स्वतःच ते कापडावर कोळशानं काढलं आणि त्यावरून शिवलं. मला विचाराल तर त्या अख्ख्या कामातली सगळ्यात चांगली जागा तीच आहे, आणि ती माझी नाही.

(इथंही त्यांची नावं लिहीत नाहीये. कापडावर आणि त्या कामासोबत घालू का एवढंच विचारलं होतं, बाकी कुठं लिहिण्याचं विचारलेलं नाही.)

शिवताना भुलाबाईची गाणी निघाली. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गायची गाणी, आणि या चैत्रात! मोठी मावशी दटावत होती, "बिनमोसमाची नोको म्हणू वं." मग तीच पुढची ओळ धरायची. सासर-माहेर, रुसवे, मागण्या सगळं त्यात आहे. पोरीबाळींच्या तोंडी हे किती पिढ्या चाललंय, आणि मी स्त्रीवादी कला गच्चीवर रेंज पकडून शोधत होते.

चौथ्या दुपारी चष्मेवाली थांबली. ती टाके घालण्याआधी प्रत्येक दिवसाचा आकडा मला मोठ्यानं वाचायला लावायची.

"या दिशी माह्यं तेहतीस भरलं होतं. नातवाचं बारसं होतं म्हनून ध्यानात हाय. तू बत्तीस काऊन वाचून राह्यली?"

मी म्हटलं, "किलो कापला ना मावशी."

आमच्याकडं दर गाठोड्यामागं एक किलो कापतात. फडक्याचं वजन आणि ओल धरून. सकाळी दहिवर असतं, कापूस ओला भरतो, हे खरं. काट्यावर 33 आलं की सासूबाई 32 सांगायच्या आणि मी 32 लिहायची. वहीत ते तेहतीस कुठंच नाही. इतकं सवयीचं होतं की मी कधी थांबलेच नव्हते.

चष्मेवालीनं सुई कापडात टोचून ठेवली. "मंग त्या किलोचा टाका कुठी हाय?"

कोणी काही बोललं नाही. मग मोठी मावशी माझ्या बाजूनं बोलली, त्याचीच मला जास्त लाज वाटली. "ओलीचा असते तो."

"दुपारून कायची ओल वं?"

178 गाठोडी म्हणजे 178 किलो. त्या हंगामात वेचणी किलोला 8 रुपये सुरू झाली आणि शेवटी 10 झाली. सोळाशेच्या आसपास रुपये. नऊ एकरवाल्याला ते फार नाहीत, आणि अकरा जणींत वाटले तर दीडशेही होत नाहीत. पण दीडशे म्हणजे मी त्यांना एका दुपारचे देत होते तेच.

ते टाके घालावे की नाही यावर वाद झाला. एक म्हणाली पांढऱ्या दोऱ्यानं घाल. पण घातले तर ते मिळाल्यासारखं दिसेल. न घातले तर नव्हतेच असं होईल. नवीन सून, जी चार दिवस तोंडातून शब्द काढत नव्हती, ती म्हणाली, "टोचा, पन दोरा नोका ओवू."

मी गोणपाट शिवायचं दाभण आणलं. प्रत्येक दिवसाच्या लाल टाक्यांच्या शेवटी एक भोक. 178 भोकं. जुनं लुगडं, दाभण काढून घेतलं तरी भोक बुजत नाही.

मे महिन्यात ती अकरा फडकी जोडून, जिथं कापूस भरतो त्या रिकाम्या खोलीत दोरीवर नागमोडी टांगली. पन्नास फुटांच्या वर लांबी झाली. दार एकच, मागनं उजेड. तोवर मला वाटत होतं लाल टाके उठून दिसतील. पण आत शिरलं की आधी डोळ्यांत भरायची ती भोकं, उजेडाचे ठिपके. हे मी योजलं नव्हतं, आणि योजलं होतं असं सांगायचा मोह मला नंतर दोनदा झाला.

तीन दिवस खोली उघडी ठेवली. दुसऱ्या घरी वेचायला जाणाऱ्या बाया आल्या आणि बोट लावून मोजायला लागल्या. "आमच्याकडं दीड कापते," एक म्हणाली. ते त्याच संध्याकाळी त्या घरी पोचलं आणि तिथून आमच्या घरी. यजमान म्हणाले, "घरातला काटा भिंतीवर टांगला तुवा." दोन दिवस अबोला.

सासूबाई शेवटच्या दिवशी आल्या. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं, त्याला आमच्या भागातून ट्रक भरून बाया गेल्या होत्या आणि त्यात तान्ही पोरगी काखेत घेऊन त्याही होत्या. संघटनेचा लाल बिल्ला अजून त्यांच्या पेटीत आहे. पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, घरधन्यानं बायकोच्या नावानं जमीन करून द्यायची. गावोगाव झालं ते. आमच्या घरात नाही झालं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव चढलं ते सासरे गेल्यावर, वारस म्हणून. म्हणजे बाईचं नाव कुठं नसतं हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कापडावर बोट फिरवलं, भोकापाशी थांबल्या. "कसर लागली का याले?" मी सांगितलं ते काय आहे. "सारं गावच कापते," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

नागपूरचा भाग थोडक्यात उरकते, कारण त्यात नवं काही नाही. पावसाळ्यात एका सामूहिक प्रदर्शनासाठी फोटो पाठवले. अर्जावर कलाकाराच्या नावाला एकच रकाना. मी त्यात बारीक अक्षरात सगळी नावं कोंबली आणि मोठ्या मावशीचं गोंदण काढलं. उत्तर आलं की हे शिवणकाम आहे, हस्तकला विभागात द्यावं, आणि नाव एकच चालेल. मृणालिनी मुखर्जी तागाच्या दोराला गाठी मारून माणसाहून उंच शिल्पं उभी करायच्या, त्यांनाही ही कला की कारागिरी असं विचारणारे भेटलेच. मी हस्तकला विभागात दिलं नाही. हट्ट म्हणा.

कापड घडी करून, कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं. कार्तिकात टाकीजवळची दारात आली. तिला तिचं फडकं परत हवं होतं.

"तुह्यं कापड गुळगुळीत हाय. गाठ बसत नाई. भर रस्त्यात सुटलं ना माह्यं गाठोडं."

टेरीकॉट. जुन्या सुती लुगड्याची गाठ ओढली की आवळते, हे मला कपड्यांच्या दुकानात सुचलं नव्हतं. मी म्हटलं, दुसरं सुती आणून देते. तिला तेच हवं होतं. उसवायला बसले तर ती म्हणाली, टाके राहू दे, कडाच सोडव. आता ट्रंकेतल्या कामात मधे चौकोनी पोकळी आहे, आणि शेतात एका गाठोड्यावर लाल टाक्यांत एका बाईचं नुसतं नाव असतं, पुढं काही नाही.

पहिल्या वेचणीच्या आधी सीतादहीची पूजा झाली, दहीभात झाला. संध्याकाळी कडुलिंबाखाली मी नवी वही उघडली आणि पहिल्या पानावर नावं विचारून लिहून घेतली. त्याला वेळ लागला, बाया घरी जायला खोळंबल्या, सासूबाई दोनदा म्हणाल्या, आटप. पहिलं गाठोडं टाकीजवळचीचंच आलं. काट्यावर 29.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मी पेन धरून थांबले. त्यांनी गाठोडं खाली घेतलं, स्वतः गाठ सोडली, कापूस ढिगावर पालथा केला आणि रिकामं फडकं, ते लाल टाक्यांचं, काट्याच्या हुकाला अडकवलं. सगळ्या बाया पाहत होत्या. आकडे वरखाली झाले आणि थांबले.

"चारशे ग्राम," त्या म्हणाल्या. "लेह. ओलीचं सकाळच्या गाठोड्यापुरतं पाहू."